साडेतीन फुटांचा पाया

सूतगिरणी बंद पडली आणि पहिल्या महिन्यातच गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातली कुलपं संपली. मालकाने आणखी मागवली, तीही संपली. त्यानंतर मात्र त्या दुकानातलं काहीच खपेना. ना खिळा, ना कडी, ना सिमेंटचं पोतं. जायचे ते कुलूप लावून गेले होते, आणि राहिलेल्यांना नवं दार बसवायचं नव्हतं.

मिस्त्रीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. गिरणी तीन पाळ्यांत चालायची तेव्हा सकाळी रिकामी झालेली खोली संध्याकाळपर्यंत भरायची. लोक भिंतीचा गिलावा ओला असताना सामान आणून टाकायचे. एका भिंतीवरून उतरला की दुसऱ्या भिंतीवर चढायचा, असं त्याचं तीस वर्षं चाललं. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता, आणि सिमेंटने बोटांची टोकं इतकी खाल्ली होती की सरकारी कागदावर त्याचा अंगठा उमटत नसे.

आता दारोदार पाट्या लागल्या होत्या. घर विकणे आहे. सुरुवातीच्या पाट्या रंगाऱ्याकडून रंगवून घेतलेल्या होत्या, मागाहूनच्या खडूने लिहिलेल्या. पावसाने खडू धुऊन गेला तो पुन्हा कुणी लिहिला नाही. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हातारी माणसं सांगत आली. घर विकून पाहावं असं मात्र कुणी सांगून ठेवलं नव्हतं. ज्या घराला पूर्वी दोन गिऱ्हाइकं एकमेकांवर चढायची, तिथं आता दलालसुद्धा सायकलवरून न उतरता मान हलवून पुढे जायचा.

मिस्त्रीला कामं मिळत होती ती उचकटायची. कुणी गाव सोडताना चौकटी नेत होतं, कुणी खिडक्यांचे गज, कुणी मोरीतली फरशी. स्वतःच पक्की बसवलेली चौकट भिंत न दुखावता काढायची, तर त्याच्याइतकं ते कुणाला जमणार? चार चौकटी काढल्या की अंगात कणकण यायची. बांधताना कधी आली नव्हती.

त्याचा मुलगा गिरणीत अकरा वर्षं होता. आता शहरात एका गोदामात खोकी चढवत होता आणि पाच जणांत एक खोली करून राहत होता. बायको इथंच, सासू-सासऱ्यांजवळ. दर रविवारी त्याचा फोन यायचा, आणि ख्यालीखुशाली झाली की गाडी एकाच वळणाला लागायची: घर काढा. अजून कुणी विचारतंय तोवर काढा, उद्या फुकटही कुणी घेणार नाही. मिस्त्री म्हणायचा, मी गेल्यावर विक. मग मुलगा आईशी बोलायचा, आई सुनेकडे फोन द्यायची, आणि सून फोन घेऊन परसात जायची.

हे घर मिस्त्रीने चार वर्षं रविवारी रविवारी बांधलं होतं. सात फूट खणून मुरूम लागला, तरी आणखी फूटभर खणलं होतं. मिस्त्रीणबाईने लांबच्या विहिरीवरून पाणी आणून एकेक थर भिजवला होता. दुसऱ्याचं काम दिवसभर करून आलेला माणूस स्वतःच्या भिंतीला रविवारीच हात लावायचा, म्हणून ती भिंत त्याने घाईने कधी उचललीच नाही.

घाई केली होती ती आक्काच्या घराची.

आक्का त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ह्याला कडेवर घेऊन फिरली ती हीच. तिचा नवरा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. बोलायला मोठा, हाताने सढळ. गिरणीमागे पूर्वी वीटभट्टीवाल्यांनी माती काढून काढून खड्डे केले होते. गिरणीने तिथं वर्षानुवर्षं बॉयलरची राख टाकली, वरून दोन फूट माती पसरली, आणि भाव चढले तेव्हा त्याच जागेचे तुकडे पाडून विकले. तिथं नऊ घरांची आळी उठली. आक्काचं घर त्यातलं शेवटचं.

पाया खणायला घेतला तेव्हा दोन फुटांवरच राख लागली. साडेतीन फुटांवरही राखच. मिस्त्री म्हणाला होता, अजून खाली जाऊ. मेहुणा म्हणाला, पावसाच्या आत घरात यायचंय, अर्ध्या आळीने छत टाकलंसुद्धा, सिमेंट दोन पोती जास्त घाल. मेहुण्यापुढे मिस्त्री नेहमीच थोडा लहान व्हायचा. त्या दिवशीही झाला. साडेतीन फुटांवर त्याने दगड बसवला आणि भिंत उचलली.

पाच वर्षांनी मागच्या भिंतीला तडा गेला. मिस्त्रीने भरला. पुन्हा गेला, पुन्हा भरला. मेहुणा वारला, त्याच्या मागोमाग गिरणी गेली. आक्काचा मुलगा बायकोमुलांना घेऊन शहरात गेला. नऊ घरांपैकी सात बंद झाली. आठव्यातला म्हातारा कानाने बहिरा. भरदुपारी आक्का दळण आणायला गेली, तेवढ्यात कुणीतरी तिच्या मोरीचा नळ आणि अंगणातला पाइप कापून नेला. परत आली तेव्हा अंगणात पाण्याचं तळं. तिने त्याबद्दल आरडाओरडा केला नाही. फक्त त्या दिवसापासून ती दिवसासुद्धा आतून कडी लावून बसू लागली, आणि भाऊ आला तरी आधी खिडकीतून पाहू लागली.

आक्काचा मुलगा म्हणत होता, आई ये, पण राहतोय ती खोली आमच्याच चार जणांना पुरत नाही. ते घर गेलं तर इथं थोडी मोठी जागा बघता येईल. म्हणजे घर गेलं तर आक्का जाणार, नाहीतर बहिऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी कडी लावून बसणार.

आणि मग दीड वर्षात पहिल्यांदा गिऱ्हाईक आलं.

निरोप घेऊन आक्काच आली. खूप दिवसांनी तिचा पदर नीट होता. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, नवरा-बायको दोघंच, परवा घर बघायला येणार होते. मिस्त्रीणबाईने चहा ठेवला. आक्का चहा अर्धा पिऊन म्हणाली, "तेवढी मागची भिंत बघून घे रे."

"बघतो," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आणि मिस्त्रीणबाई सामान घेऊन आक्काकडे गेले. मिस्त्रीने आधी ओळंबा सोडला. भिंत दोन बोटं बाहेर गेली होती. मागच्या वेळी एकच होतं. कोपऱ्यातून निघालेला तडा खिडकीला वळसा घालून छतापर्यंत गेला होता, इतका रुंद की थापीचं टोक आत जात होतं. त्याने छिन्नीने कडा उकरल्या, आतला भुगा काढला, पाणी मारलं, जाळी ठोकली. मिस्त्रीणबाई माल कालवून घमेलं देत होती. तीस वर्षं तिने त्याला माल कालवून दिला होता. माल किती घट्ट हवा हे त्याच्या मनगटाकडे बघून तिला कळायचं. आज तिने घमेलं दिलं आणि हात तसाच ठेवला.

"हे किती दिवस टिकेल?"

"पाऊस येईपर्यंत."

"आणि मग?"

"मग काय. तोंड बंद करायला सांगितलंय, तेवढं करतोय."

वरून त्याने पूर्ण भिंतीला सफेदी मारली, म्हणजे एकच पट्टा नवा दिसायला नको. काम इतकं बेमालूम झालं की आक्काने भिंतीवरून हात फिरवला आणि तडा कुठं होता ते तिला सापडेना. ती समाधानाने हसली. मिस्त्री मोरीवर गेला आणि कोपरापर्यंत हात धूत बसला. सफेदी कधीच निघाली होती, तरी धूत बसला.

ड्रायव्हर उंच, कमरेत वाकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको काठी टेकत चालायची. दोन्ही गुडघे गेलेले. ह्या गावाला मुक्कामी गाडी घेऊन तो वर्षानुवर्षं येत होता. गिरणीची तिसरी पाळी सुटायची त्या वेळेला त्याची गाडी सुटायची. शहरात ज्या पैशात दीड खोली मिळते, त्यात इथं अंगणासकट घर मिळत होतं. त्याने दारं उघडून-मिटून पाहिली. मागच्या भिंतीवर मुठीने ठोकलं. ओली सफेदी बोटांना लागली ती विजारीला पुसली. आक्का त्याच्या बायकोला परसातली जागा दाखवत होती, मोकळं ऊन किती येतं ते सांगत होती.

"मिस्त्री, घर तुमच्या हातचं म्हणतात," ड्रायव्हर म्हणाला.

"माझ्याच."

"मग काही बघायला नको."

मिस्त्रीने खिडकीची कडी घातली, काढली, पुन्हा घातली. एवढ्यात आक्का चहा घेऊन आली आणि ते तिथंच राहिलं. ड्रायव्हरने सांगितलं, उद्या येऊन इसार देतो. आक्काने मान डोलावली. मग न विचारताच त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

परतीच्या बसला वेळ होता. मिस्त्रीचं घर स्टँडच्या वाटेवर, म्हणून ती दोघं त्याच्या ओट्यावर टेकली. सुनेने पाणी आणलं. ड्रायव्हरची बायको पाय लांब करून गुडघे चोळू लागली. ड्रायव्हर मिस्त्रीला सांगू लागला की घर घेतल्यावर पहिलं काम तुम्हालाच. हिला पायरी चढवत नाही, तेव्हा दारात उतार करून द्या. मोरीत धरायला एक दांडा बसवा. कुठला दांडा, किती उंचीवर, हे तो हाताने दाखवत होता.

"दादा, आमचं आता हेच," त्याची बायको म्हणाली. "ह्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या गावात गाडीच्या बाकावर झोप काढली. मी आपली दिराच्या घरात एका भिंतीला. आता मरायला तरी आपली भिंत."

मिस्त्रीणबाई दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली नाही.

मिस्त्री खाली बघून म्हणाला, "वहिनी, ते घर घेऊ नका."

मग त्याने सगळं सांगितलं. राख, साडेतीन फूट, मेहुण्याची घाई, दोन बोटं बाहेर गेलेली भिंत आणि कालची सफेदी. सांगताना आवाज चढवला नाही की पाडला नाही. एखाद्या गिऱ्हाइकाला किती विटा लागतील ते सांगावं तसं सांगितलं. ड्रायव्हरने विजारीवरचा पांढरा डाग नखाने खरवडला.

"ती तुमची बहीण ना?" त्याने विचारलं.

"सख्खी."

ड्रायव्हरने बायकोची काठी तिच्या हातात दिली. उठताना त्याने आधाराला ओट्यालगतच्या भिंतीवर पंजा ठेवला आणि तो तसाच ठेवून म्हणाला, "आणि हे?"

"हे मुरुमावर आहे," मिस्त्री म्हणाला. प्रश्न विचारला म्हणून उत्तर दिलं, ह्यापलीकडे त्याच्या मनात काही नव्हतं. मिस्त्रीणबाईला मात्र ते उत्तर कानावर पडताक्षणी कळलं की आता काहीतरी होणार.

ड्रायव्हर सरळ माणूस होता, आणि सरळ माणसं कधी कधी फार नुकसान करतात. दुसऱ्या दिवशी इसार न देता तो आक्काकडे गेला आणि घर का घेत नाही ते त्याने तिला तोंडावर सांगितलं. कुणी सांगितलं तेही सांगितलं. तिथून तो मिस्त्रीकडे आला. रात्रभर दोघांनी विचार केला होता म्हणाला. जो माणूस सख्ख्या बहिणीचं घर घेऊ नका म्हणतो, त्याच्या स्वतःच्या घरात डोळे मिटून राहता येईल. द्यायचं असेल तर आम्ही घेतो.

मिस्त्रीने हात जोडले आणि द्यायचं नाही म्हणून सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, आठ दिवस थांबतो.

तासाभराने आक्का आली. उन्हातून अनवाणी आली होती. ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली. मिस्त्रीणबाई "वन्सं, आत या" म्हणाली, ते तिने ऐकलं नाही.

"भाऊ म्हणून सांगितलंस, की घर विकायचं म्हणून?"

"आक्का, मला विकायचं नव्हतं. अजून नाही."

"पाया तूच घातलास. भिंत तूच उभी केलीस. परवा तडा तूच बुजवलास. तिन्ही वेळा तोंड मिटून होतास. चौथ्यांदाच कसं उघडलं?"

ड्रायव्हरच्या बायकोचे गुडघे पाहिले म्हणून, असं म्हणावं तर आक्काचे पायही त्याच्यासमोर होते, धुळीने माखलेले. आक्का थोडा वेळ वाट बघून वळली. रस्त्याच्या टोकाशी पोचेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही, त्यातून आता गावात लोकांना दुसरं काम नव्हतं. चहाच्या टपरीवर मिस्त्री गेला की बाकावरची माणसं सरकून जागा द्यायची, जरा जास्तच जागा द्यायची. पूर्वी त्याच्या हाताखाली विटा वाहणारा एक जण, जो आता भंगाराचा धंदा करत होता, सगळ्यांदेखत म्हणाला, "मिस्त्री, माझंही घर काढायचंय. गिऱ्हाईक आलं तर तेवढं गप्प बसायचं काय घ्याल ते सांगा." लोक हसले. मिस्त्रीने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि निघाला. ज्यांच्या घरांवर पाट्या होत्या त्यांना हसू आलं नव्हतं. एकाने रस्त्यात गाठून हळूच विचारलं, आमच्या घराखाली काय आहे हो? मिस्त्री म्हणाला, तुमच्याखाली खडक आहे. तो माणूस म्हणाला, मग तेवढं कुणी आलं तर सांगा. पण कुणी येत नव्हतं.

सुनेने फोनवर सगळं सांगितलंच होतं. चौथ्या दिवशी मुलगा आला. वाळला होता. खोकी उचलून उचलून मानेवर घट्टे पडले होते. जेवायला बसला तेव्हा मिस्त्रीने ते पाहिले, आणि मुलाने बापाने पाहिलेलं पाहिलं. जेवणं झाली. ताटं उचलली गेली. मग मुलाने विषय काढला. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला की सगळ्या गावात दीड वर्षात एक गिऱ्हाईक आलं, ते आपल्या दारात बसलंय, आणि तुम्ही नाही म्हणता. सुनेला दिवस गेले होते. तीन महिने झाले होते आणि घरात अजून कुणालाच माहीत नव्हतं. ते तिने आत्ता, भिंतीकडे तोंड करून, सांगितलं.

मिस्त्रीणबाई उठून सुनेजवळ जाऊन बसली.

मिस्त्री म्हणाला, "हे घर आता विकलं तर आक्का म्हणाली ते खरं होईल."

"आणि नाही विकलं तर काय होईल?" मुलगा म्हणाला. "आत्याचं विकलं जाणार आहे?"

बाहेर ऊन उतरत होतं. मिस्त्रीणबाई सुनेचा हात हातात धरून होती. इतक्या वर्षांत घराच्या व्यवहारात तिला कुणी विचारलं नव्हतं, आजही विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं.

"विका. पण अर्धं वन्संचं."

मुलाने आईकडे पाहिलं. "अर्धं?"

"त्या दिवशी माल मी कालवून दिला. मीही गप्प होते. वन्संचं गिऱ्हाईक आपण घेतोय, ते फुकट कसं घ्यायचं? अर्ध्यात तुला तिथं एक खोली होईल. तुझं तुला, बायकोला, बाळाला. बाळ काय एवढी जागा अडवतंय."

"आणि तुम्ही दोघं?"

ह्याचा विचार मिस्त्रीणबाईने केला नव्हता. उत्तर मिस्त्रीने दिलं.

"आम्ही आक्काच्या घरात. मी बांधलंय, मीच राहतो."

मिस्त्रीणबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या घराच्या भिंतीकडे, खालपासून वरपर्यंत, जशी ती पूर्वी कुठला थर कोरडा राहिलाय ते बघायची तशी. नको असं ती म्हणाली नाही. उठून भांडी घासायला गेली आणि त्या दिवशी तिने भांडी दोनदा घासली.

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. निघताना आईच्या पाया पडला, बापाच्याही पडला, पण पडताना हात जमिनीलाच लागले. विक्रीच्या कागदावर सही करायला परत आला तेव्हा बायकोचं सामान बांधून घेऊन गेला. त्यानंतर रविवारचा फोन आईला यायचा.

आक्काने अर्ध्यावर लगेच हो म्हटलं नाही. मिस्त्री तीनदा तिच्या दारात गेला. पहिल्या वेळी तिने खिडकीतून पाहून कडी काढली नाही. दुसऱ्या वेळी कडी काढली, पण बोलली नाही. तिसऱ्या वेळी मिस्त्रीणबाई बरोबर होती. ती थेट आत गेली आणि आक्काची भांडी पोत्यात भरायला लागली. थोड्या वेळाने आक्का म्हणाली, "तो तवा ठेव. त्याला दांडा नाही." एवढ्यावरच ते ठरलं.

ड्रायव्हर आणि त्याची बायको पुढच्या आठवड्यात राहायला आली. मिस्त्रीने स्वतःच्या दाराची पायरी फोडून तिथं उतार केला आणि मोरीत दांडा बसवला. ड्रायव्हर मजुरी देऊ लागला ती त्याने घेतली; न घेतली असती तर ते उपकार झाले असते. ड्रायव्हरच्या बायकोने उतारावरून चढून-उतरून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रीणबाई रस्त्यावर उभी राहून हे बघत होती. स्वतःच्याच घरात पाहुणीसारखं जावं, असं तिला कुणी सांगितलं तरी ती गेली नसती.

आक्का सकाळच्या गाडीने निघाली. पोतं, एक ट्रंक, एक पिशवी. स्टँडवर सात-आठच माणसं. एके काळी तिथं पाळी सुटल्यावर पाय ठेवायला जागा नसायची. मिस्त्रीने सामान टपावर चढवलं. आक्का खिडकीशी बसली. चावी तिने कनवटीला लावली होती, ती काढून भावाच्या हातावर ठेवली आणि हात मागे घेतला नाही.

"मागच्या भिंतीकडे डोकं करून झोपू नकोस," ती म्हणाली.

गाडी सुरू झाली. ती काच सरकवू लागली. काच अर्ध्यावर अडकली.

आळीत आता तीनच माणसं: बहिरा म्हातारा आणि ही दोघं. मिस्त्रीणबाईने खाटा पुढच्या खोलीत लावल्या. मागची खोली रिकामी ठेवली, तिथं सरपण टाकलं. पावसाला महिना होता. मिस्त्रीने बाहेरच्या बाजूने मागच्या भिंतीच्या पायाशी खणायला घेतलं. अख्खी भिंत एकदम उघडी करायची नाही. हातभर रुंदीचा खड्डा घ्यायचा, खाली कठीण जमीन लागेपर्यंत जायचं, दगड आणि काँक्रीट भरून भिंतीला खालून आधार द्यायचा, तो सुकला की थोडं सोडून दुसरा घ्यायचा. अशी नऊ ठिकाणं होती. गावात पडून असलेल्या घरांच्या जोत्यांचे दगड त्याला मागायला गेल्यावर फुकट मिळाले. कुणी हरकत घेतली नाही. काहींना तर बरंच वाटलं.

तो खड्ड्यात उतरून टिकावाने खणायचा, घमेलं भरून डोक्यावरून वर द्यायचा, मिस्त्रीणबाई ते ओढून लांब नेऊन ओतायची. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून तो डाव्याने द्यायचा. चार फुटांवर राख. पाच फुटांवर राख, त्यात कोळशाचे काळे खडे. सहा फुटांवर ती ओली लागली आणि टिकाव मारला की चिखलासारखी पचपच करू लागली. भिंतीला लाकडाचे टेकू दिले होते. वरून मधूनच गिलाव्याचा बारीक भुगा गळायचा, तो त्याच्या मानेवर पडायचा. तेव्हा दोघंही थांबायची, भिंतीकडे बघायची, आणि पुन्हा सुरू करायची.

सातव्या दिवशी दुपारी तो साडेसात फुटांवर होता. वरून आता त्याचं डोकंसुद्धा दिसत नव्हतं. बराच वेळ पहारीचा आवाज आला, मग थांबला.

"लागला का मुरूम?" मिस्त्रीणबाईने वाकून विचारलं.

खाली घमेलं भरल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "लागला."

घमेलं वर आलं. तिने ते दोन्ही हातांनी ओढून घेतलं. आत ओली काळी राख होती, मुरुमाचा एक खडाही नव्हता. ती थोडा वेळ त्या घमेल्याकडे बघत उभी राहिली. मग तिने ते नेऊन ढिगावर ओतलं, परत आली, आणि पहिला दगड दोरीला बांधून हळूहळू खाली सोडला.